कोऱ्या नळीतली दुसरी रेघ

पाथरीच्या बाजारात चन्नबसप्पांचं दुकान आहे. एका अंगाला किराणा: तूरडाळ, गूळ, साबण. दुसऱ्या अंगाला पूजेचं सामान: कापूर, उदबत्ती, कपिलधारहून आणलेले विभूतीचे गोळे आणि रुद्राक्षाच्या माळा. त्यांची थोरली लेक रुद्राणी या दुसऱ्या अंगाला वाढली. शाळेतून आली की दप्तर साखरेच्या पोत्यावर टाकायचं आणि माळा निवडायला बसायचं. रुद्राक्षांच्या गठ्ठ्यात भद्राक्ष मिसळून येतात. दिसायला तसेच, पण जात वेगळी. आप्पांनी तिला सांगून ठेवलं होतं, "बोटानं बघायचं, पोरी. डोळा फसतो."

पुढे पुढे गिऱ्हाइकं माळ मुद्दाम तिच्याच हातात द्यायला लागली. ती डोळे मिटून मणी सरकवायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "काका, ह्यो एक बदला."

घरात कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. रुद्राणी बीएस्सी झाली, एमएस्सी झाली आणि परभणीच्या एका कॉलेजात संशोधनाला लागली, तेव्हा पाहुण्यारावळ्यांच्या पोटात दुखायला लागलं. "चन्नबसप्पा, पुड्या बांधायला पीएचडी लागती का?" असं एकानं भर दुकानात विचारलं. आप्पा तराजूवरची नजर न काढता म्हणाले, "लागत न्हाई, म्हणूनच करू देतो. जेवढं लागतं तेवढं तर समदेच शिकतात."

पण तिचा विषय काय, हे आप्पांनाही सांगता यायचं नाही. एकदा तिची आई महादेवी माळा ओवत बसली होती. तिनं विचारलं, "रुद्रा, तू तिथं नेमकं काय करायलीस? शेजारणी विचारतात. मी आपली 'औषधाचं काय तरी हाय' म्हणून सोडून देते."

रुद्राणीनं आईच्या हातातलीच माळ उचलली.

"माय, आपल्या अंगातल्या, झाडांच्या, समद्यांच्या पेशीत अशी एक लांब माळ असती. डीएनए. पेशी दोन व्हायच्या आधी ह्या माळेची नक्कल ओवली जाती. आता आरएनए म्हणून दुसरी एक जात हाय. तिचे मणी दिसायला जवळजवळ हेच, फक्त ऑक्सिजनचा एक बारीकसा कण जास्ती. पेशीत ह्या दुसऱ्या जातीच्या मण्यांचा ढीग पडलेला असतो. मग नक्कल ओवताना चुकून ते बी ओवले जातात. लाखांनी."

"मंग?"

"जिथं तसा मणी बसला, तिथं माळ कच्ची. क्षार लागला की तिथंच तुटती. म्हणून पेशीनं निवडणारा ठेवलाय. एक एन्झाइम हाय, आरएनेज एच-टू. ते माळेवरून हात फिरवतं, आरएनएचा मणी सापडला की तिथं कापतं. मग दुसरे येऊन नीट मणी बसवतात."

"म्हंजे तुझंच काम करतं की ते!"

"तेच. पण समज, ओवला गेलेला भद्राक्ष बी धड न्हाई. करपलेला हाय. पेशीत ऑक्सिजनच्या धगीनं मणी करपतात, उन्हात जास्ती. मग निवडणाऱ्याला तो ओळखू येईल का? आन् नक्कल ओवणारा तिथं अडकंल का पुढं जाईल? माणसाच्या एन्झाइमचं बाहेरदेशी बघून झालंय. करपलेला मणी ते सोडून देतं. ज्वारीच्या एन्झाइमचं कुणी बघितलेलं मला तरी सापडलं न्हाई. ज्वारी तर दिवसभर उन्हातच उभी असती."

महादेवीनं माळ परत हातात घेतली. म्हणाली, "शेजारणींना मी औषधाचंच सांगते बाई. पण मला कळलं."

असं ते काम. ज्वारीतलं हे एन्झाइम तयार करून शुद्ध करण्यातच रुद्राणीचं एक वर्ष गेलं. माळेचे तुकडे मात्र बाहेरून करून आणावे लागले. साधे डीएनएचे, एक मणी आरएनएचा असलेले, आणि तोच मणी करपलेला असलेले. पहिले दोन भरपूर होते. करपलेल्या मण्याचा तुकडा परदेशातून बर्फाच्या डब्यात आला होता आणि तो बोटाच्या पेराएवढ्या नळीच्या तळाला जेमतेम होता.

प्रयोग तसा सरळ. तुकड्याच्या टोकाला चमकणारा रंग लावलेला असतो. नळीत तुकडा घ्यायचा, एन्झाइम घालायचं, मग शाई मिसळून उकळत्या पाण्याइतका तापवायचा आणि जेलच्या पातळ थरातून विजेच्या जोरावर पळवायचा. अख्खा तुकडा हळू पळतो, त्याची रेघ वर उमटते. कापलेला पुढे पळतो, त्याची रेघ खाली. आणि प्रत्येक वेळी सोबत एक कोरी नळी ठेवायची. तिच्यात तुकडा असतो, एन्झाइम नसतं. कापणाराच नाही, म्हणजे कोऱ्या नळीत वरची एकच रेघ दिसली पाहिजे.

रुद्राणीच्या कोऱ्या नळीत दोन दिसत होत्या.

खालची फिकट होती, पण होती. कोरी नळीच जर कापलेली दिसत असेल, तर एन्झाइमनं काय कापलं आणि काय सोडलं हे कोण सांगणार? तिनं हातमोजे बदलले, पाणी बदललं, नळ्यांचं नवं पाकीट फोडलं. रेघ जागची हलली नाही. करपलेल्या मण्याचा तुकडा या खटपटीत संपत आला. आता एकाच प्रयोगापुरता उरला होता.

तिच्या शेजारच्या टेबलावर अपेक्षा काम करायची. झरी गावची, शेतकऱ्याच्या घरची, जिभेला धार. एका सकाळी जेलचा फोटो पाहून ती म्हणाली, "ए रुद्रे, मला कळलं बघ. तू रोज कपाळाला पट्टे ओढून येतीस. वाकली की राख पडायलीय नळीत! राख म्हंजे क्षार. क्षार म्हंजे आरएनए खलास."

सगळे हसले. रुद्राणीही हसली. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करून, कपाळाला आणि दंडाला विभूती लावून ती पाथरीच्या स्टँडवर एसटी पकडायची. इतकी वर्षं त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

हसले नाहीत ते फक्त योगीराज सर. ते तिचे मार्गदर्शक. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "थट्टा बाजूला ठेवा. शक्यता आहे. रुद्राणी, वाईट वाटून घेऊ नका, पण काही दिवस विभूती न लावता येऊन पाहा."

"आन् तरी रेघ राहिली तर, सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "तर विषय बदलू. सोयाबीनच्या वाणांचं काम तयार आहे, त्यात तुमचं नुकसान होणार नाही. पुढच्या आठवड्यात आढावा समिती आहे. तिच्यापुढे दोन रेघांची कोरी नळी मी ठेवू शकत नाही."

त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून रुद्राणी मनात दोन्ही बाजूंनी भांडत होती. राखेत क्षार असतो हे खोटं नव्हतं. क्षारानं आरएनए तुटतो हेही खरं. तिच्यातली दुकानदाराची लेक चिडली होती. तिच्यातली शिकलेली बाई म्हणत होती, चिडून काय उपयोग, शंका तर रास्त आहे. मानवतच्या पुढे कुठेतरी तिला तिसरीच गोष्ट सुचली. विभूती न लावता जाणं ही अर्धी परीक्षा झाली. चोर हाच का, हे पाहायचं तर त्याला बाहेर ठेवून काय कळणार? त्याला तिजोरीजवळ बसवून पाहावं.

घरी गेल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. विभूती नळीत घालायची म्हटल्यावर आई रागावेल, असं तिला वाटत होतं. महादेवी उठली, देवळीतला विभूतीचा गोळा घेतला आणि लेकीच्या हातावर ठेवला.

"शक आला ना? मंग झाकून ठेवायचा न्हाई. घाल नळीत, चांगली भरून घाल. तुटलं तर उद्यापासून पूजा झाली की मीच तुझं कपाळ पुसून पाठवीन. देवाला त्याचा राग येत न्हाई."

"आन् न्हाई तुटलं तर?"

"तर त्या झरीवालीला घरी जेवायला आण. तिला बोलायचंय मला."

दुसऱ्या दिवशी रुद्राणीनं आरएनएचा साधा मणी असलेला तुकडा घेतला, कारण तो भरपूर होता. एक नेहमीची कोरी नळी. दुसरीत कपाळावरून पडेल एवढी विभूती. तिसरीत इतकी, की पाणी ताकासारखं गढूळ झालं. तिन्ही नळ्या एन्झाइमच्या नेहमीच्या वेळेइतक्या उबेत ठेवल्या. मग राख खाली बसवून वरचं निवळ घेतलं, शाई घातली, तापवलं आणि जेलवर सोडलं.

फोटो आला. तिन्ही नळ्यांत दोन-दोन रेघा.

"घ्या," अपेक्षा म्हणाली. "कोऱ्या नळीत बी तेच. गेला दिवस."

रुद्राणीनं फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, उलटा केला.

"अपे, खालच्या रेघा बघ. तिन्ही सारख्याच फिक्या हायेत."

"मंग?"

"राखेनं तुटत असतं तर गढूळ नळीतली रेघ ठळक आली असती. कणभर बी फरक न्हाई. इतकी राख घालून बी काही वाढलं न्हाई, म्हंजे राखेचा हात न्हाई. तोडणारं जे काय हाय, ते तिन्ही नळ्यांत सारखंच गेलंय."

आता अपेक्षाही स्टूल ओढून बसली. तिन्ही नळ्यांत सारखं काय गेलं होतं? पाणी, एन्झाइम ज्यात विरघळवतात ते द्रावण, आणि शेवटी घातलेली शाई. माळ तोडणारं म्हणजे क्षार, तो यातल्याच कशात तरी असणार. पण मोजायचा कशानं? प्रयोगशाळेतलं पीएचचं यंत्र पंधरवड्यापासून दुरुस्तीला गेलेलं आणि रंग बदलणाऱ्या पट्ट्या संपलेल्या.

"हळद," रुद्राणी म्हणाली आणि कँटीनकडे निघालीसुद्धा.

पिवळ्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे कोणत्याही धुणं धुणाऱ्या बाईला माहीत असतं. तिनं स्पिरिटमध्ये हळद कालवली, त्यात गाळणकागद बुडवून वाळवला आणि त्या पिवळ्या कागदावर एकेक थेंब सोडत गेली. पाणी: पिवळं ते पिवळंच. द्रावण: पिवळं. विभूतीचं पाणी: विटकरी झाक, थोडीशी. शाई निळीच असल्यामुळे तिचा थेंब काही सांगेना. मग तिनं शाई ज्या बाटल्यांतून बनते त्या बाटल्या खाली काढल्या. पहिली पिवळी. दुसरी होती ईडीटीएची. हे मीठ जवळजवळ प्रत्येक शाईत चिमूटभर लागतं.

त्या बाटलीचा थेंब पडला आणि कागद कुंकवासारखा लाल झाला.

दोघी बाटलीकडे पाहत राहिल्या. बाटलीवरच्या चिठ्ठीतलं अक्षर अपेक्षाचं होतं.

"अगं माय," अपेक्षा हळूच म्हणाली. "ते विरघळतच नव्हतं!"

तिचं म्हणणं खरं होतं. ईडीटीए नुसत्या पाण्यात विरघळत नाही. त्यात कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या थोड्या थोड्या घालाव्या लागतात आणि पीएच आठावर आला की थांबायचं असतं. यंत्र जाग्यावर नव्हतं, म्हणून अपेक्षानं अंदाजानं घातल्या.

"आमची माय पापडाच्या पिठात खार घालती ना, तसं करत गेले. चिमूट, अजून चिमूट. शेवटी एकदम निवळशंख झालं, म्हटलं जमलं."

"आन् साऱ्या डिपार्टमेंटनं वापरलं."

"कुणाचं काही बिघडलं न्हाई की! मी बी वापरते रोज."

हीच तर गंमत होती. साध्या डीएनएला क्षाराचं काही वाटत नाही. तापवा, उकळा, माळ शाबूत. त्या बाटलीचा त्रास होईल असं सगळ्या विभागात एकच होतं: रुद्राणीचा तुकडा, ज्याच्यात आरएनएचा एक मणी होता. उबेत ठेवलेली राख त्याला काही करू शकली नाही. उकळत्या शाईतला सोडा मात्र दर वेळी त्याचे थोडे तुकडे पाडत होता, तेही प्रयोग संपल्यावर, शेवटच्या पायरीला.

"शिव्या दे मला," अपेक्षा म्हणाली. "मनापासून दे. राखेवरून इतकं बोलले मी."

"शिव्या माय देणार हाय, तुला जेवायला बोलावलंय. तू आधी नवी बाटली कर. माझ्यापुढं. आन् चिमूट न्हाई."

शेजारच्या इमारतीत मातीपरीक्षण चालायचं. तिथलं पीएचचं यंत्र अपेक्षानं गयावया करून तासाभरासाठी मिळवलं. गोळी टाक, ढवळ, वाच, परत गोळी टाक, असं करत नवी बाटली झाली. नवी शाई झाली. आरएनएच्या साध्या मण्याच्या तुकड्याची कोरी नळी जेलवर गेली.

वर एक रेघ. खाली स्वच्छ अंधार.

अपेक्षा इतक्या जोरात ओरडली, की कुणाला शॉक बसला की काय म्हणून योगीराज सर धावत आले. रुद्राणीनं त्यांना आधी राखेच्या प्रयोगाचा फोटो दाखवला, मग लाल डागाचा कागद, मग नवा फोटो. सरांनी तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"विभूतीची शक्यता मी मांडली होती," ते म्हणाले. "तुम्ही ती खोडलीत. आणि नुसती खोडून थांबला नाहीत." मग जरा थांबून, "करपलेला तुकडा किती उरलाय?"

"एकदाच पुरंल, सर."

"मग उद्या आपण तिघं."

दुसऱ्या दिवशी रुद्राणी नेहमीसारखीच आली, कपाळावर ठसठशीत पट्टे. करपलेल्या मण्याच्या तुकड्याचे तिनं तीन वाटे केले. एका वाट्यावर ज्वारीचं एन्झाइम, निवडणारं. दुसऱ्या वाट्यावर नक्कल ओवणारं एन्झाइम, सोबत नकलेसाठी सुटे मणी. तिसरा वाटा कोऱ्या नळीला. जोडीला साधे आणि आरएनएच्या धड मण्याचे तुकडे, त्यांच्याही कोऱ्या नळ्या. हात कापायला नको म्हणून तिनं सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता. नळीतला शेवटचा थेंब पिपेटच्या टोकाला चढला तेव्हा अपेक्षा पुढची नळी उघडून धरून उभी होती.

जेल पळून झालं. कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवलं. पडद्यावर चित्र हळूहळू उजळत गेलं.

कोऱ्या नळ्या: एकेक रेघ, सगळ्यांत. आरएनएचा धड मणी आणि ज्वारीचं एन्झाइम: वरची रेघ जवळजवळ गायब, सगळी चमक खाली. निवडणाऱ्यानं मणी ओळखला आणि कापला. करपलेला मणी, तेच एन्झाइम, तेवढाच वेळ: वरची रेघ जशीच्या तशी.

"सोडून दिला," रुद्राणी म्हणाली. "हात फिरवला आन् सोडून दिला."

"आणि नक्कल?" सरांनी विचारलं.

तिनं बोट उजवीकडे नेलं. साध्या तुकड्याची नक्कल टोकापर्यंत पोचली होती. करपलेल्या मण्याच्या नळीत मध्येच एक जाड रेघ साचली होती. रेघेच्या उंचीवरून तिनं खालून मणी मोजले. ओवणारं एन्झाइम बरोबर त्या मण्याच्या अलीकडे येऊन अडकलं होतं. थोड्याच नकला, अगदी फिकट, पार झालेल्या दिसत होत्या.

"दुरुस्ती बी न्हाई आन् नक्कल बी अडली," ती म्हणाली. "सर, हा मणी माळेत राहिला तर पेशीला दोन्हीकडून अडचण हाय."

सरांनी दार उघडून हाका मारल्या, "या रे सगळे!" एमएस्सीची मुलं आली, शेजारच्या प्रयोगशाळेतले दोघं आले, तासाभराच्या बोलीवर नेलेलं यंत्र अजून आलं नाही म्हणून ते न्यायला आलेली मातीपरीक्षणाची मनिषासुद्धा थांबली. त्या छोट्या पडद्यापुढे दाटी झाली. "मी नाही, या सांगतील," म्हणून सर बाजूला सरकले, आणि रुद्राणी पहिल्या नळीपासून सांगायला लागली. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला.

आढावा समितीपुढे हेच चित्र भिंतीवर दाराएवढं मोठं होऊन लागलं. समितीत बाहेरगावचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते, तिखट प्रश्नांबद्दल प्रसिद्ध. त्यांनी विचारलं, "तुमचा निवडणारा हा मणी सोडतो. मग शेतातली ज्वारी जगते कशी? उन्हात तर असे कितीतरी मणी तयार होत असतील."

योगीराज सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे ज्वारीत दुसरं कुणीतरी हे काम करत असलं पाहिजे, सर," रुद्राणी म्हणाली. "माणसात मणी अगदीच मोडलेला असेल तर एपीई-वन नावाचं दुरुस्तीचं एन्झाइम तिथं कापतं, असं दिसलंय. ज्वारीतही त्याच्या नात्यातलं काही असणार. करपलेला मणी त्याला ओळखू येतो का, हे मला माहीत नाही. पण आता माझी कोरी नळी स्वच्छ आहे. मी शोधू शकते."

प्राध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. "मग इथं काय करताय? जा, शोधा."

विषय कायम झाला. करपलेल्या तुकड्याची नवी, मोठी मागणी त्याच संध्याकाळी गेली. सोयाबीनचे वाण कुणाकडे द्यायचे, असा प्रश्न सरांना पडला, तेव्हा अपेक्षानं हात वर केला. "मला द्या, सर. सजा म्हणून."

आणि मग सर जेलच्या यंत्रापाशी गेले. कोणत्या दिवशी यंत्र कुणाला, ते लिहायचा फळा तिथं लटकवलेला असतो. त्यांनी पुढच्या महिन्याचा रकाना पुसला आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत, खालपर्यंत, एकच नाव लिहीत गेले.

"ओ सर! आन् आमी काय करायचं?" अपेक्षा ओरडली.

रुद्राणीनं ॲप्रनची बटणं लावली. "तू मला नळ्या लावून दे," ती म्हणाली. "सोमवारी लवकर ये. लय काम हाय."